बिल्टी

वाडी नाक्याच्या पुढे, धर्मकाट्याला लागून आमचं ऑफिस.
टीनाचं छत, एक कूलर, उन्हाळ्यात तो नुसता आवाज करतो,
आत्ता फेब्रुवारी आहे म्हणून गप्प.
एकवीस वर्षं मी इथं बिल्ट्या लिहिते.
पाठवणारा, घेणारा, नग, वजन,
आणि खाली आधीच छापलेलं, लाल शाईत:
मालाची जोखीम मालकाची.

रात्रीचे पावणेदोन. मोबाईल स्टेपलरला टेकवलाय.
कुठल्याशा समुद्रकाठी एक रॉकेट उभं आहे
पोटात अडीच टन माल घेऊन,
वर फिरत असलेल्या सात माणसांच्या नावानं.
निवेदिका यादी वाचते
आणि माझ्या हातातल्या पेनचं टोपण आपोआप निघतं.

पाणी. प्राणवायू. संडासाचा सुटा पंप.
कांदे, लसूण, सफरचंदं.
चाळीस उंदीर, जिवंत.
मोजे खूप सारे, कारण तिथं धुणं नाही,
मळलं की टाकायचं.
सात खासगी पाकिटं, आत काय ते सांगत नाहीत.

"संत्री नाही काय?" रज्जाक विचारतो.
कळमन्याहून मृगबहार भरून आलाय,
बिल्टी मिळाली की हैदराबादला निघायचं,
तरी बसलाय, बशीतला चहा निववत.
"असतील," मी म्हणते.
"किती लांब हाये ते ठेसन?"
"चारशे किलोमीटर."
"बस? हैदराबादच्या अल्याड?
मग इतका धूर काहून करून राहिले?"

शून्य मैलाच्या दगडावर जबलपूर आहे, चांदा आहे,
रज्जाकचं हैदराबाद आहे.
वरचं अंतर कोणी कोरलं नाही.

मागची खेप दोन मिनिटं एकोणीस सेकंद उडाली.
मग पडद्यावर एक पांढरं फूल, आणि निवेदिका मुकी.
बऱ्याच वेळानं कोणी पुरुष म्हणाला,
नुसता माल होता, माणूस कोणी नव्हतं.
मी तो आवाज बंद केला होता.
देवलापारच्या पुढे हिरामणची गाडी उलटली
त्या पहाटे याच टेबलावरचा फोन वाजला,
आणि शेठनं माझ्या भावाचं विचारायच्या आधी
तुरीचे कट्टे किती फुटले ते विचारलं.
त्या बिल्टीची पिवळी प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
पोच मिळाल्याची सही, जागा कोरी.

दहा. नऊ. रज्जाक बशी खाली ठेवतो.
आग आधी दिसते, आवाज मागून.
मी रॉकेट बघत नाही, घड्याळ बघते.
दोन सतरा.
दोन अठरा.
दोन एकोणीस, बाहेर काट्यावर एक ट्रेलर चढतो
आणि खिडकीची काच थरथरते.
दोन वीस.
"श्वास घ्या ना ताई," रज्जाक म्हणतो.

मग धंद्याचा प्रश्न:
"येताना गाडी रिकामी?"
नाही. येताना कचरा भरतात,
वापरलेले मोजे, फिल्टर, रिकाम्या पिशव्या,
दार लावतात आणि समुद्रावर आणून जाळतात.
"गाडीसकट?"
"गाडीसकट."
तो बराच वेळ बोलत नाही.
"परतीचं भाडं सोडा," शेवटी म्हणतो,
"पण इतकी चांगली गाडी..."
आणि उठून स्वतःच्या गाडीचे टायर
एकेक करून टॉमीनं ठोकून बघतो, सगळे दहा.

दुसऱ्या संध्याकाळी पावणेसातला त्याचा फोन.
मागे मंडीचा गलका, कोणी तेलुगूत भांडतंय.
"आपला माल उतरला. सहा पेट्या दबल्या, लिहून घ्या.
त्यांचा?"
मी मोबाईल घेऊन काट्यापाशी येते.
अमरावती रोडवर धूळ, हॅलोजन, हॉर्न,
आकाश आहे तिथं नुसता तांबूस राखाडी पट्टा.
"बारा मीटरवर येऊन थांबलंय," मी सांगते.
"काहून?"
"माहीत नाही. वजन बघत असतील."
"थांबतो मी," तो म्हणतो. "बॅलन्स हाये."